उशीरताईच्या दारावरची खटखट

मित्रांनो, घंटा म्हटलं की तुम्ही लगेच मान वर करून मनोऱ्याकडे पाहता. मला पाहायचं तर कपाटाच्या तळाशी, मेणबत्त्यांच्या तुकड्यांमागे वाकावं लागायचं. मी सिस्टरांच्या मठातली एक जुनी लाकडी खटखटी. मूठ असलेली जाड फळी आणि तिच्यावर आपटणारी लाकडी हातोडी, एवढाच माझा संसार. प्रार्थनामंदिराची बाकं करणाऱ्या सुताराने उरलेल्या लाकडातून मला घडवलं. "आवाज गोड नाही हं," मला वाजवून बघत तो म्हणाला, "पण दणदणीत आहे." एवढ्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं काढली.

माझी नोकरी वर्षातून तीन दिवसांची. ईस्टरच्या आधी उपवासकाळ येतो, तेव्हा मठातल्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात. जेवणात पातळ सूप आणि पाव. एरवीही या घरात बोलणं कमीच, पण त्या दिवसांत मीठ हवं असलं तरी बोटाने खूण करायची. शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी प्रभूच्या दुःखाची आठवण म्हणून घंटाही मुकी होते. शनिवारी रात्री ती पुन्हा वाजेपर्यंत तिचं काम माझ्याकडे. घंटा आपली एका जागी लटकून सगळ्यांना बोलावते. मला मात्र दारोदार हिंडावं लागतं. मला वाटायचं, हे काय भिकाऱ्यासारखं जिणं!

धुलाईघरात एक सिस्टर होती. नवरा वारल्यावर, केस पिकू लागल्यावर ती मठात आली होती. आता तिला कायमची व्रतं घ्यायची होती. तिला ठेवून घ्यायचं की नाही, हे ईस्टरनंतर सगळ्या सिस्टर मिळून ठरवणार होत्या. पण पहाटेच्या प्रार्थनेला ती हटकून उशिरा यायची. उशिरा येणारीने मंदिराच्या मधोमध गुडघे टेकायचे आणि मठाच्या प्रमुख मदरनी मान हलवली की मगच जागेवर जायचं, असा मठाचा रिवाज. ती रोज खाली मान घालून गुडघे टेकायची. स्वयंपाकघरातल्या सिस्टरने तिचं नावच उशीरताई ठेवलं होतं. मौनाच्या घरात या बाईची जीभ मात्र फार चुरचुरीत. "जिला पहाटे उठवत नाही, तिला हे आयुष्य कसं झेपायचं?" असं ती म्हणायची, आणि बाकीच्यांनाही ते पटू लागलं होतं.

त्या वर्षी मला फिरवण्याचं काम नेमकं या स्वयंपाकघरातल्या सिस्टरकडे आलं. शुक्रवारी पहाटे उशीरताईच्या दारापाशी थांबून तिने मला अंमळ जास्तच बडवलं. दार लगेच उघडलं! उशीरताई कपडे करून तयार. त्या दिवशी प्रत्येक प्रार्थनेला ती सगळ्यांच्या आधी हजर.

शनिवारी सकाळी उशीरताई धुतलेले एप्रन घेऊन स्वयंपाकघरात आली आणि पाठमोरी उभी राहून ते खुंटीला लावू लागली.

"काय गं उशीरताई, सूर्य पश्चिमेला उगवायला लागला वाटतं?"

उत्तर नाही.

"अगं, तुझ्याशी बोलतेय मी!"

तरी नाही. स्वयंपाकघरातल्या सिस्टरचा पारा चढला. तिने मला उचललं आणि उशीरताईच्या अगदी पाठीशी जाऊन दाणकन वाजवलं. उशीरताई दचकून वळली. "वेळ झाली? निघालेच मी!"

स्वयंपाकघरातली सिस्टर तिच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या समोर येऊन सावकाश म्हणाली, "तुला घंटा ऐकूच येत नाही ना?"

उशीरताईचा चेहरा उतरला. "दोन वर्षं झाली. हळूहळू कमी होत गेलं."

"मग सांगायचं नाही? रोज सगळ्यांसमोर गुडघे टेकत राहिलीस!"

"सांगितलं असतं तर सगळ्या म्हणाल्या असत्या, हे दुखणं कुठे गळ्यात घ्या. परत पाठवलं असतं. ताई, मला इथंच राहायचंय. पाया पडते, मदरना सांगू नका."

मित्रांनो, ज्या घरात कुणी फारसं बोलत नाही, तिथे बहिरेपण कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

दुपारच्या प्रार्थनेला स्वयंपाकघरातली सिस्टर वेळेआधी पोचली आणि थेट मधोमध जाऊन तिने गुडघे टेकले. मी तिच्या हातातच होते.

"तू तर वेळेवर आलीस," मदर म्हणाल्या.

"नाही मदर. मला दोन वर्षं उशीर झाला." आणि तिने सगळं सांगून टाकलं. उशीरताईला एक शब्द ऐकू येत नव्हता. ती नुसती एकेकीचा चेहरा वाचत होती आणि पांढरीफटक पडत चालली होती.

मदर काठी टेकत उठल्या. उशीरताईला ओठ दिसतील अशा तिच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घंटा ऐकू आली पाहिजे, असं आमच्या कुठल्याच व्रतात नाही. देवाने तुला बोलावलं ते तुला ऐकू आलं ना? मग झालं तर!"

उशीरताई तिथेच मटकन बसली आणि लहान मुलीसारखी रडली.

ईस्टरनंतर सगळ्यांनी एकमुखाने होकार दिला. व्रतं घेताना तिला आपल्या आवाजाचा अंदाज आला नाही. तिने एकेक शब्द असा ठणकावून उच्चारला की खिडक्यांच्या काचा हादरल्या. स्वयंपाकघरातली सिस्टर रडता रडता हसत होती.

आता मी बारमाही नोकरीत आहे. रोज पहाटे मनोऱ्यात घंटा वाजते, तेव्हा कुणीतरी मला घेऊन उशीरताईच्या दाराशी उभं असतं. बहुतेकदा स्वयंपाकघरातली सिस्टरच. माझी बिजागरी झिजून कुरकुरते, तिला ती तेल घालते. दारोदार हिंडण्याचा मला आता अभिमान वाटतो.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी सारखं मागे पडत असेल, तर त्याला नावं ठेवू नका आणि लांबून हाकाही मारत बसू नका. उठा, आणि त्याच्या दारापर्यंत जा.