महांतप्पांनी घातलेली भिंत

मी एक भिंत बोलतेय. घराची नाही, देवळाची नाही, गावकुसाचीही नाही. लोहाऱ्यात महांतप्पांचा कापूस पिंजायचा नव्हे, सरकी काढायचा कारखाना आहे, जिन म्हणतात त्याला. त्याच्या मधोमध मी उभी आहे. माझ्यावर छपराचा भार नाही. उद्या मला पाडलं तर वरचा पत्रासुद्धा हलणार नाही. मग बांधली कशाला, असं कुणी विचारलं की मला लाज वाटते.

माझ्या आधी इथं एकच लांबलचक दालन होतं. एक इंजिन, त्याच्या पट्ट्यावर फिरणारे, सरकी काढणारे रेचे, आणि रेच्यांत कापूस घालणाऱ्या बाया. तेव्हा राज्य निजामाचं. हैदराबादेत कायदा व्हायचाय, कामकरी बाईला बाळंतपणात घरबसल्या पगार मिळायचाय, अशी बोलवा उठली. एक साहेब मालकांची राय घ्यायला लोहाऱ्यातही आले, पेढीवरच्या गादीवर टेकले.

महांतप्पांनी त्यांना मनातलं सांगितलं. शहरातल्या मोठ्या गिरण्यांना हे झेपेल, माझा जिन हंगामापुरता चालतो. घरी बसलेल्या बाईला पगार द्यायचा आणि तिच्या जागी आलेल्या बाईलाही, तर माझ्यासारख्यानं बाया ठेवूच नयेत. हे काही अगदीच खोटं नव्हतं. गावोगावचे लहान मालक तेच बोलले. बाया तिथंच रेच्यांवर बसल्या होत्या, त्यांना राय कुणी विचारली नाही.

कायदा आला आणि त्यातून लहान कारखाने वगळले गेले. महांतप्पांच्या जिवात जीव आला. पण जिनातली माणसं मोजली तर कायद्याच्या मर्यादेपेक्षा थोडी जास्त भरली. तेव्हा त्यांनी डोकं चालवलं. मधे भिंत घातली की एकाचे दोन कारखाने, आणि दोन्ही लहान. अलीकडचा त्यांचा, पलीकडचा बायकोच्या, शांताक्कांच्या नावावर. शांताक्कांना याचा पत्ताही नव्हता.

माझी माती तुडवली गजराबाईनं. ती जिनातलीच, पोटुशी होती. पदराआड पोट लपत नव्हतं तरी घमेली वाहत होती, कारण बायांचा एक गोड गैरसमज झाला होता. कायद्याची बातमी त्यांच्याही कानांवर आली होती, आणि आता भिंत उठतेय म्हणजे अप्पा लेकुरवाळ्यांसाठी खोली काढतायत, असं त्या धरून चालल्या होत्या. मला इतक्या मायेनं लिंपलं म्हणून सांगू! मीही फुगले होते.

लिंपण वाळल्यावर गजराबाई माझ्यात खुंटी ठोकत होती. महांतप्पा तिथं आले आणि खुंटी कशाला म्हणून विचारलं.

"लेकराची झोळी बांधाया, अप्पा," ती म्हणाली. "तुमी आमच्यासाठी खोली बांधलीत. कोन करतंय एवढं?"

तेव्हाच खरं सांगता आलं असतं. महांतप्पांनी खाली पाहिलं, "बरं" म्हणाले आणि निघून गेले.

मग कारखाना तपासायला सरकारी साहेब यायचे ठरले, तेव्हा बायांना भिंतीचं खरं कारण सांगावंच लागलं. दोन्हीकडची माणसं एकत्र मोजली गेली तर जिनाला कुलूप लागेल, असं महांतप्पा म्हणाले. गजराबाई खुंटीकडे एकदा बघून रेच्यावर जाऊन बसली. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःकडे पाहिलं. माझ्या पोटातल्या भोकातून इंजिनाचा पट्टा आरपार जात होता. एका इंजिनावर चालणारे दोन कारखाने! शेंबड्या पोरालाही हसू आलं असतं.

साहेबांनी ते भोक पाहिलं. पलीकडे इरकली लुगडं नेसवून बसवलेल्या शांताक्कांना विचारलं, हा कारखाना तुमचा का? आपण मालकीण आहोत हे त्यांना त्याच सकाळी कळलं होतं. नवऱ्याकडे बघत त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग साहेब गजराबाईकडे वळले. ती अलीकडे कापूस घालायची आणि सरकी निघालेली रुई पलीकडे नेऊन टाकायची. दिवसभर मला वळसे घालायची. तू कोणत्या बाजूची, असं त्यांनी विचारलं. महांतप्पा शेजारीच उभे होते.

"पल्याडची, साहेब," ती म्हणाली. "अक्काच्या कारखान्यातली."

दोन्हीकडची म्हणाली असती तर कारखाना एकच ठरला असता; तेवढ्या एका वाक्यात तिची पगारी रजा गेली. साहेब निघून गेले.

गजराबाईला मुलगी झाली. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं, म्हणून अंगात त्राण नसताना ती कामावर परतली. झोळी माझ्याच खुंटीला. रुईचे तंतू उडून त्या जिवाच्या पापण्यांवर बसत आणि ते खोकत राही. मी झोळीला टेकू दिला, दुसरं काय करणार?

एका दुपारी शांताक्का जिनात आल्या आणि झोळीपाशी थबकल्या. महांतप्पांना त्यांनी तिथंच बोलावलं.

"सायबाम्होरं म्या मान हलवली," त्या म्हणाल्या. "आता पल्याडची मालकीन मीच. माज्या बायांना बाळंतपनात पगारी रजा हाय. गजरा, तू आजच घरी जा."

महांतप्पा म्हणाले, "अगं, ती कागदावरची मालकी. लोक हसतील."

"मला मालकीन केलं तवा न्हाई हसले?"

 पण गजराबाई जागची उठली नाही. रेच्यात कापूस घालता घालताच बोलली. "आता काय करू रजेचं, अक्का? दूध आटलं माजं."

शांताक्का झोळीला झोका देत माझ्याच पायाशी बसल्या.

त्यानंतर अलीकडची कुठलीही बाई पोटुशी दिसली की महांतप्पा तिला न बोलता पलीकडे, रजा मिळणाऱ्या बाजूला पाठवू लागले. माणूस वाईट नव्हता. पण आपलं चुकलं असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही आणि मला पाडायची भाषाही त्यांनी काढली नाही.

आता निजाम गेला. नव्या राज्यात नवे कायदे होतील, पुन्हा कुणी साहेब राय विचारायला येतील. साहेब, पेढीवर टेकू नका. सरळ आत, रेच्यांपाशी या. गजराबाई आजही तिथंच भेटेल. तिला विचारा, आणि विचारताना मालकाला जरा बाहेर उभं करा. तिनं खरं सांगितलं की लगेच मला पाडा. मातीची भिंत आहे, फार आवाज होणार नाही.