रिकाम्या प्लेटने पचवलेलं औषध

मी यकृताच्या पेशी पाळतो. लोक मांजर पाळतात, तसंच. फरक इतकाच, की मांजर निदान तुमच्याकडे पाहून तोंड फिरवतं. पेशींना लालसर पातळ खाऊ घालायचा, उबदार कपाटात ठेवायचं, आणि बदल्यात अपेक्षा एकच: औषध टाकलं की ते आपल्या एन्झाइमने मोडावं. शरीरात यकृत हे काम न सांगता करतं. प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये आणलं की काही दिवसांतच पेशी हातपाय गाळतात आणि नुसत्या खात बसतात. आमच्या गटप्रमुख मॅडम म्हणतात, प्रकल्पाला साजेसा माणूस मिळालाय.

"या खेपेला औषध मोडलं नाही, तर पेशी कचऱ्यात आणि तू शेजारच्या खोलीत, गांडुळांच्या गटात," त्यांनी बजावलं.

गांडुळांशी माझं वैर नाही. पण यकृतावरून गांडुळावर आलेला मुलगा आईला शेजारीपाजारी खपवता आला नसता.

मी औषध टाकलं, थांबलो, मग तो पातळ खाऊ मोजणीच्या यंत्रात घातला. निम्म्याहून जास्त औषध गायब! पेशींना झाकणावरूनच शाबासकी दिली आणि आईला फोन लावला.

"तुझ्या नातवंडांनी नाव काढलं गं!"

"नातवंडं? लग्न कधी केलंस?"

मॅडमनी आलेख पाहिला. "आणि रिकामी प्लेट?"

तुलनेसाठी एक प्लेट पेशींशिवाय ठेवायची असते. नुसता पातळ खाऊ आणि औषध. ठेवली होती. मोजली नव्हती. तिथे कोण दिवे लावणार? आता मोजली, तर तिनेही तेवढंच औषध पचवलेलं. किंचित जास्तच.

मी प्लेटकडे आदराने पाहिलं. "मॅडम, प्लास्टिकला यकृत फुटलंय."

"प्लास्टिकला औषध चिकटलंय, बाळा. काय गेलं ते मोजू नकोस. मोडल्यावर जे नवीन तयार होतं, ते मोज. ते प्लास्टिकला जमत नाही."

मोजलं. रिकाम्या प्लेटमध्ये काहीच नाही. पेशींच्या आलेखावर मात्र एक टेकाड उठलं होतं, चादरीखाली मुंगी झोपावी इतकं. मॅडम चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ बघत राहिल्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "राहा इथेच."

आईला पुन्हा फोन केला. "पेशी काम करतात गं. थोडंसंच, पण स्वतःचं स्वतः."

"मग तुझ्यावर नाही गेल्या," आई म्हणाली.