थप्पीतली खिडकी

अमावास्येला नामपूरच्या कांदा बाजारात लिलाव होत नाहीत. हमालांना सुट्टी, ट्रॅक्टरना सुट्टी, कांदासुद्धा आपापल्या शेतात पाय पसरून पडलेला असतो. हे कळल्यावर किशोरने टेबलावर थाप मारली.

"मोकळं मैदान, सोम्या! याहून चांगला मुहूर्त शोधून सापडणार नाही."

किशोर म्हणजे नाशिक रोडच्या आमच्या कॉम्प्युटर दुकानाचा मालक. मी उरलेला सगळा स्टाफ. साल २००८, महिना मे. उघड्यावर बसवायचा वायरलेस ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेविना इंटरनेट पसरवणारा डबा, आम्ही तोवर एकदाच बसवला होता, तोही दुकानाच्या आत, सरावासाठी. तो उत्तम चालला होता. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही रेंज यायची.

बसमध्ये चौकोनी पांढरा अँटेना माझ्या मांडीवर होता. शेजारच्या आजोबांनी सटाण्यापर्यंत त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "वजनकाटा का?"

वाद नको म्हणून मी हो म्हणालो. चूक झाली. त्यांना वजन करायचं होतं.

नामपूरला धनराजशेठ म्हणून कांद्याचे व्यापारी. त्यांचं घर गावात, आणि खळं, म्हणजे जिथे कांदा निवडतात, गोण्या भरतात आणि थप्पी लावतात ती जागा, रस्त्यापलीकडे अडीचशे मीटरवर. फोन आणि इंटरनेट घरात, कांदा खळ्यावर. या दोघांची भेट घालून द्यायची, एवढंच काम होतं.

ते काढलं होतं त्यांच्या सुनेने. मोहिनीवहिनी बी. कॉम. झालेल्या, नवरा वाशीच्या मार्केटला. दोन महिने ईमेल करून त्यांनी कोलंबोचा एक खरेदीदार तयार केला होता. पण तो पोळलेला होता. त्याने कळवलं होतं, फोटो पुरे झाले, मला प्रत्यक्ष खळ्यावर उभा असलेला माल कॅमेऱ्यातून दाखवा. वेळ ठरली होती दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची, कारण साडेअकराला नामपूरची वीज जायची, आणि ती मात्र कधी उशीर करत नसे.

शेठनी आमच्यासमोरच सुनेला सांगितलं, "उद्या कोलंबोला कांदा दिसला, तर परदेशाचा सगळा माल तू बघ. मी मध्ये बोलणार नाही. नाही दिसला, तर कॉम्प्युटर माळ्यावर आणि हा विषय परत घरात काढायचा नाही."

"बरं, आप्पा," मोहिनीवहिनी म्हणाल्या. आवाज शांत होता. हातातला पेचकस मात्र त्यांनी असा धरला होता, की मी दोन पावलं मागे सरलो. नंतर कळलं की तो आमचाच होता.

मोहिनीवहिनींनी याआधी जमिनीवरून केबल टाकून पाहिली होती. एवढ्या लांब ती चालली नसतीच, पण ते कळायच्या आतच एका ट्रॉलीच्या चाकात अडकून ती मालेगावला गेली.

आम्ही कामाला लागलो. घराच्या गच्चीवर पाइप उभा केला, त्याच्यावर ॲक्सेस पॉइंट कसला. डब्याएवढी वस्तू. खळ्यावरच्या केबिनच्या छपरावर दुसरा पाइप, त्यावर माझ्या मांडीवरून आलेला वजनकाटा. किशोर शेठना समजावत होता, "एकाच तारेतून वीज वर जाते आणि इंटरनेट खाली येतं."

शेठनी तारेकडे बराच वेळ पाहिलं. "आणि मध्ये समोरासमोर आले तर?"

किशोर नऊ वर्षं या धंद्यात होता. त्याने सरळ लॅपटॉप उघडला.

नेटवर्कला नाव द्यायचं होतं. शेठ म्हणाले, "श्री खंडेराव प्रसन्न." किशोर म्हणाला, छोटं ठेवतात. शेठ म्हणाले, देवाचं नाव छोटं करतात का? इंग्रजीत टाइप करून पाहिलं. बसलं, वर नऊ अक्षरं शिल्लक. शेठना तिथे 'आणि कंपनी' टाकायचं होतं. मोहिनीवहिनींनी त्यांना चहा दिला.

मग अँटेना जुळवणं. किशोर गच्चीवर, मी केबिनच्या छपरावर, दोघांच्या कानाला मोबाइल.

"उजवीकडे घे."

"कुणाच्या उजवीकडे?"

"उजवीकडे म्हणजे उजवीकडे रे!"

आम्ही एकमेकांकडे तोंड करून उभे होतो. अर्धा तास आम्ही दोघंही बरोबर होतो आणि अँटेना चूक. शेवटी किशोर म्हणाला, "म्हशींकडे घे." मी घेतला. लॅपटॉपवर सिग्नलच्या पाचपैकी पाच कांड्या उभ्या राहिल्या. मोहिनीवहिनींनी खळ्याच्या मधोमध उभं राहून एक पान उघडलं आणि ते खरोखर उघडलं.

किशोरने शेठना म्हटलं, "घ्या, नारळ फोडा."

"आज अमावास्या. नारळ उद्या. खरं तर आज बसवायलाच नको होतं. अमावास्येला केलेलं टिकत नाही."

"शेठ, हे उपकरण आहे. त्याला तिथी कळत नाही."

"ट्रकही उपकरणच आहे. त्याला कळते."

किशोर माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. नाशिक रोडच्या माणसांनी नामपूरच्या माणसाला हसायचं नसतं, हे आम्हाला पुढच्या वीस तासांत कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हमाल आले. मुकादम झिपरू, उंच, काटक, बागलाणी बोलणारा. कोलंबोला दाखवायच्या निवडक कांद्याच्या गोण्या त्यांनी गोदामातून काढून खळ्यावर रचायला घेतल्या. मी केबिनमध्ये लॅपटॉप लावून बसलो. मोहिनीवहिनी इस्त्रीची साडी नेसून इंग्रजी वाक्यं पुटपुटत येरझारा घालत होत्या.

सातला पाच कांड्या होत्या. आठला चार. नऊला दोन. दहाला लॅपटॉप म्हणाला की श्री खंडेराव प्रसन्न सापडत नाहीत.

किशोरने सगळं केलं. यंत्र बंद करून चालू केलं. चॅनल बदलला. पत्ते तपासले. तार काढून फुंकर मारून परत लावली. पुन्हा बंद करून चालू केलं, पण या वेळी जरा प्रेमाने.

शेठ केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या कालच्या काळ्या गोळ्यावर त्यांनी फक्त बोट ठेवलं.

"आप्पा, अजून पाऊण तास आहे," मोहिनीवहिनी म्हणाल्या.

"माळा झाडून ठेवायला सांगतो," शेठ म्हणाले.

अँटेना वाऱ्याने हलला असेल म्हणून मी शिडी लावून छपरावर चढलो. अँटेना जागच्या जागी, म्हशींकडे बघत होता. फक्त म्हशी दिसत नव्हत्या. गच्चीही दिसत नव्हती. समोर कांद्याची सोळा थरांची भिंत उभी होती. काल मैदान मोकळं होतं, कारण काल अमावास्या होती. मोकळ्या मैदानात कुणाचंही प्रेम जुळतं.

"किशोर!" मी ओरडलो. "कांदा आडवा आलाय! कांद्यात पाणी असतं. पाणी सिग्नल पितं!"

शेठ हळूच वर बघायला लागले.

"कुणाच्या कांद्यात पाणी?"

कांद्याच्या व्यापाऱ्याला हे बोलायचं नसतं. पाण्याचा कांदा म्हणजे सडका कांदा. एखाद्याला भरचौकात चोर म्हटलेलं त्यामानाने परवडतं. मी छपरावरून खुलासा केला की सगळ्यांच्याच कांद्यात पाणी असतं, तर आजूबाजूच्या बायका निवडायचं सोडून माझ्याकडे बघायला लागल्या.

"सगळ्यांच्या?" शेठ म्हणाले. "आता गावाचीच बदनामी?"

"आप्पा," मोहिनीवहिनी मध्ये पडल्या, "म्हणजे तुमचं खरं होतं. अमावास्येला बसवलं, म्हणूनच चाललं नाही."

शेठ थांबले. आपण बरोबर होतो हे ऐकून माणूस थांबतोच. अगदी दुसऱ्याच कारणासाठी बरोबर असला तरी.

"मग? थप्पी हलवायची?"

सहाशे गोण्या. घड्याळात दहा वीस. उंच पाइप आणायचा तर सटाणा. तेवढ्यात झिपरू पाठीवरची गोणी तशीच ठेवून पुढे आला.

"भाऊ, येले वाट लागस का?"

"काय?" किशोर म्हणाला.

"कांदाले वारा लागस, मंग आम्ही वाराले वाट सोडतस. येले बी वाट पाहिजे ना? कितली जागा लागस, तितलं सांगा."

किशोरने आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजात शिकलेलं काहीतरी वापरलं. खडूने एका गोणीवर गणित मांडलं. लहरी दोऱ्यासारख्या बारीक नसतात, अंगाने जाड असतात, त्यामुळे नुसतं भोक पुरत नाही. उत्तर आलं, सव्वा मीटर उंच, सव्वा मीटर रुंद, अँटेनासमोर बरोबर मधोमध. हमालीत मीटर चालत नाहीत. झिपरूने हाताने माप घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे चार थर. हाई कालदिनच सांगानं व्हतं ना!"

आठ हमाल थप्पीवर चढले. वरून गोण्या उतरवत आले. मी छपरावरून 'डावीकडे', 'उजवीकडे' ओरडत होतो, आणि झिपरूला माझं उजवीकडे पहिल्याच वेळी कळलं. खिडकी तयार झाली. पण शेठना वर थप्पी पूर्ण दिसायला हवी होती. खाच पडलेला माल म्हणजे विकून उरलेला माल. खिडकीवर आडवं काय टाकायचं, म्हणून झिपरूने इकडेतिकडे पाहिलं, आणि दोन हमालांनी मी छपराला लावलेली लोखंडी शिडी उचलून नेली.

"अहो," मी म्हणालो.

शिडी खिडकीवर आडवी पडली. तिच्यावर चार गोण्या, त्यांच्यावर आठ, वर पुन्हा बारा. थप्पी सोळा थरांची झाली, खिडकीसकट. त्या खिडकीतून मला गच्ची दिसली, तिच्यावरचा पाइप दिसला, आणि पाइपावरचा तो पांढरा डबा. इतका आनंद मला समुद्र पाहूनही झाला नव्हता.

"चार कांड्या!" केबिनमधून किशोर ओरडला. "पाचवी का येत नाही?"

"चार पुरे," मोहिनीवहिनी म्हणाल्या आणि कॉल लावला. दहा एकोणसाठ.

कॉल मी वरून ऐकला. कोलंबोचा माणूस आला. चित्र ठोकळ्याठोकळ्यांचं होतं, पण लाल ठोकळे कांद्याचे हे त्याला ओळखू आलं. मोहिनीवहिनी कॅमेरा लांब तारेवर धरून थप्पीपाशी गेल्या. आकार दाखवला, रंग दाखवला, माल किती दिवस टिकतो ते इंग्रजीत सांगितलं. पाठ केलेलं एकही वाक्य त्यांनी वापरलं नाही. ती बहुधा घाबरलेल्या बाईसाठी लिहिली होती. मग तो म्हणाला, आतून दाखवा, ओलसर आहे का?

"काय म्हणतोय?" शेठनी विचारलं.

"आत पाणी आहे का, म्हणतोय."

एका सकाळीत दुसऱ्यांदा. शेठनी गोणीतून कांदा उपसला, केबिनच्या ओट्यावर ठेवला आणि बुक्की मारून फोडला. कॅमेऱ्यासमोर धरला. कोरडी कडक पाकळी, पाण्याचा थेंब नाही.

नेमकं तेव्हा चित्र अडकलं. कोलंबोच्या पडद्यावर चाळीस सेकंद धनराजशेठची मूठ होती, आणि मुठीमागे त्यांचे डोळे. मग चित्र हललं आणि तिकडून आवाज आला. मोहिनीवहिनी ऐकत राहिल्या. हो म्हणाल्या, हो म्हणाल्या, थँक यू म्हणाल्या आणि कॅमेरा खाली ठेवला.

"काय?" शेठ म्हणाले.

"दोन कंटेनर. आणि विचारतोय, प्रत्येक खेप तुम्ही स्वतः तपासता का?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, मी तपासते. ते फक्त फोडतात."

निवडणाऱ्या बायकांत पहिली चिमणाबाई हसली, मग सगळं खळं. हमालांनी हातातल्या गोण्या खाली टाकून शिट्ट्या मारल्या. शेठनी केबिनमधली आपली गादीची खुर्ची उचलली, फिरवली आणि सुनेच्या मागे ठेवली. मध्ये एक शब्द बोलले नाहीत. कबूल केलंच होतं तसं.

साडेअकराला वीज गेली. कुणालाच कळलं नाही.

मग नारळ. शेठनी तो थप्पीच्या खिडकीत फोडला, आणि झिपरूने गोण्यांना कुंकू लावलं. पुढच्या आठवड्यात पलीकडच्या व्यापाऱ्यानेही आपल्या थप्पीला तशीच खिडकी ठेवली. त्याच्याकडे इंटरनेट नव्हतं. पण मागे का राहा?

प्रसाद वाटून झाल्यावर कुणाला तरी आठवलं की मी अजून छपरावर आहे. शिडी चोवीस गोण्यांखाली होती, आणि ती आता माल कोलंबोला गेल्याशिवाय निघणार नव्हती. किशोरने सुचवलं की मी दोन कंटेनर भरेपर्यंत तिथेच राहावं, जेवण दोरीने पाठवू. मोहिनीवहिनींनी झिपरूला खूण केली. तो भिंतीला टेकून उभ्या केलेल्या खाटेवर चढला, पाठ केली आणि म्हणाला, "या."

मी एकावन्न किलोचा. गोणी पन्नासची. त्याने मला पाठीवर घेतलं, खाली उतरवलं, थप्पीपाशी नेऊन उभं केलं आणि आपल्या माणसांकडे वळून म्हणाला, "हाई गोणी कोनी भरी रे? ढिली शे."

दुपारी वीज परत आली. केबिनमधून मोहिनीवहिनींचा आवाज आला. त्या आता हाक मारत नव्हत्या, त्या बोलावत होत्या. ऑफिसात खुर्ची मिळाली की आवाज बदलतो.

"किशोरभाऊ, सोमनाथभाऊ, इकडे या. आता पाच कांड्या आहेत. सकाळी चारच का होत्या?"

किशोरने छपराकडे पाहिलं. अँटेनाच्या बरोबर समोर, सकाळभर मी जिथे उभा होतो, ती जागा आता मोकळी होती.

"वहिनी," तो म्हणाला, "माणसातही पाणी असतं."

शेठनी माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.