फिलिपाईन्सच्या जेवणाची तालीम

नबीसाब स्टेशनच्या उपाहारगृहातून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं होत आली होती. पांढरा कोट, कमरेला लाल पट्टा आणि डोक्याला साफा अशा थाटात त्यांनी तीस वर्षं साहेबलोकांना सूप वाढलं होतं. आता ते दारापुढच्या बाजेवर बसत, पण बसणंही असं ताठ की त्यांची बायको अमिना म्हणायची, "जरा पाठ टेकवा. बघणाऱ्याला वाटतं, कुणी ऑर्डर देतंय."

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत खरंच एक जण ऑर्डर घेऊन आला. जिल्हा शेतकी प्रगती मंडळाचे चिटणीस सबनीस. मंडळाचे सात प्रगतिशील शेतकरी सरकारी योजनेतून फिलिपाईन्सला निघाले होते, भातशेती बघायला. आता सोलापूरकडे भात म्हणजे लग्नाच्या पंगतीत दिसणारा जिन्नस. वर्षापूर्वीच्या दुष्काळात तर प्यायचं पाणी टँकरनं आलं होतं. पण योजनेत भात लिहिला होता, आणि मंजूर झालेला दौरा परत पाठवण्याची मंडळात पद्धत नव्हती.

"शेतीचं तिथं कुणी तरी सांगेलच," सबनीस म्हणाले. "आमची काळजी जेवणाची आहे. काटा-सुरी शिकवाल?"

"शिकवतो की," नबीसाब म्हणाले. ज्या टेबलाशी तीस वर्षं उभे राहिलो, त्याच्या खुर्चीवर आपण एकदाही बसलेलो नाही, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

वर्ग सोलापुरातल्या सात रस्ता चौकात, मंडळाच्या सभागृहात भरला. शिष्टमंडळाचे प्रमुख होते मंगळवेढ्याचे आबासाहेब. त्यांनी आयुष्यात नांगर धरला होता तो फोटोपुरता. सगळ्यात शेवटी बसला होता करमाळ्याकडचा हिंदुराव, जो खरोखरच शेती करायचा आणि यादीत कसा आला हे कुणालाच आठवत नव्हतं.

सबनीसांनी आधी मुंबईहून आलेलं परिपत्रक वाचलं. मूळ इंग्रजी, मराठी त्यांचं स्वतःचं. विषय, उष्ण देशांत जाणाऱ्या प्रवाशांसाठी आहारविषयक सूचना.

"तेथील हवा अतिशय गरम असते, भर दुपारी बाहेर पडू नये. पदार्थ फार तिखट असतात, जिभेच्या टोकाने चाखून मगच खावेत. यजमान वारंवार आग्रह करतात, तो त्यांचा रिवाज समजावा. तेथील लोक जमिनीवर मांडी घालून उजव्या हाताच्या बोटांनी जेवतात. त्यांना हसू नये."

सभागृहात हळहळ पसरली.

"लई मागासलेली मानसं दिसत्यात," आबासाहेब म्हणाले.

हिंदुराव विचार करत होता. "तिथलीबी मानसं हातानंच जेवत असतील, तर आपून हे शिकायचं कशाला?"

"आपण पाहुणे," सबनीस म्हणाले. "आपणही हातानं जेवलो तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

नबीसाबांनी ताटल्या मांडल्या. सरावाला परदेशी जेवण कुठून आणणार? म्हणून कडक भाकरी, पिठलं आणि शेंगाची चटणी होती. आबासाहेबांनी काटा रोवला तशी भाकरीची कपची उडून सबनीसांच्या चष्म्यावर बसली. पिठलं काट्यातून गळत राहिलं. कुणीतरी म्हणालं, "चाचा, एकदा करून दावा."

नबीसाब खुर्चीत बसले. दुसऱ्याच्या हातातली सुरी त्यांनी हजारदा पाहिली होती, पण ती समोरून, म्हणजे सगळं उलटं. त्यांनी काटा उजव्या हातात धरला, मग डाव्यात, आणि शेवटी एक कोरडा घास तोंडापर्यंत नेला. कुणाला काही कळलं नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या मात्र तापल्या. घाईघाईनं उठून ते पुन्हा उभे राहिले, तेव्हा कुठं त्यांना बरं वाटलं.

त्यापेक्षा उभ्यानं शिकवण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं. काटा आणि सुरी जवळजवळ ठेवली की जेवण संपलं, ताट उचलायचं. हा नियम त्यांनी कडक पाळला. विद्यार्थी दमून काटा-सुरी खाली ठेवत आणि भरलेलं ताट समोरून जाई. रोज एकच्या सुमाराला सात उपाशी प्रगतिशील शेतकरी मागच्या गल्लीतल्या रंभाबाईच्या खानावळीत शिरत आणि चार-चार भाकरी कुस्करून खात. रंभाबाईला वाटलं, मंडळात उपोषण चालू असावं.

पंधरा दिवसांनी मुंबईचे साहेब तयारी पाहायला आले. पांढरी चादर घातलेलं टेबल, सातही जण कोटात. नबीसाबांना जुना साफा बांधून वाढायला उभं केलं होतं. साहेबांनी भाकरी पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी बाह्या सारल्या, हात धुतले, भाकरी आमटीत चुरली आणि बोटांनी भुरकायला सुरुवात केली. परीक्षा असल्यामुळे बाकीचे काट्यानं भाकरीशी झुंजत राहिले.

हिंदुराव शेजाऱ्याच्या कानाशी लागला. "हसू नगा. सायेब तिथलाच दिसतोय."

शेजारी खो खो हसला. आबासाहेबांनी डोळे वटारले. साहेब बोटं चाटत म्हणाले, "फार शिस्त आहे हो. कुणी शिकवलं?"

"आमच्या सबनीसांनी," आबासाहेब म्हणाले. नबीसाब आमटीचं भांडं घेऊन आबासाहेबांच्या खुर्चीमागेच उभे होते. भांडं जरासं हललं, पण थेंब सांडला नाही.

दुसऱ्याच दिवशी नवी यादी लागली. टेबलावर गंभीर न राहिल्याबद्दल हिंदुराव वगळला होता आणि त्याच्या जागी आहारतज्ज्ञ म्हणून सबनीस निघाले होते.

हिंदुराव गावी जायला निघाला होता. वाटेत मंडळाच्या दारात नबीसाब काटे-चमचे मोजून परत देताना दिसले.

"वाईट वाटतं का?" नबीसाबांनी विचारलं.

"न्हाय वो. माज्या रानात हुलगं येत न्हाईत, भात काय करायचाय. तुमी जेवला का चाचा?"

नबीसाब थबकले. "मी घरी जेवतो."

"आज हितं जेवा. चला."

रंभाबाईनं दोन पाट मांडले. हिंदुराव मांडी घालून बसलासुद्धा. नबीसाब उभेच होते. शेजारच्या एकाचा तांब्या रिकामा दिसला तसा त्यांनी तो उचलला आणि ते माठाकडे निघाले.

रंभाबाईनं त्यांच्या हातातून तांब्या घेतला. "ते माजं काम हाय. तुमी बसा की."

नबीसाब बसले. रंभाबाईनं भाकरी वाढली, वर तेलाची धार सोडून चटणी वाढली. त्यांनी भाकरी मोडली, आणि दुसरी हवी का हे विचारायला कुणी येईपर्यंत पाठ भिंतीला टेकवून ते जेवत राहिले.