शेळ्यांनी थुंकलेलं बी

बी न फोडता त्याच्या पोटातली कीड ओळखणारं मशीन लातूरच्या बियाणे तपासणी खोलीत आलं आणि तिथं बी तपासणाऱ्या सालेहाचा रुबाब वाढला. डोळ्यांना न दिसणारा उजेड बियांवर पडायचा. पडद्यावर चांगलं बी हिरवं दिसायचं, पोखरलेलं लाल. झाडावरून तोडलेल्या शेंगांचं बी दाखवून दाखवून तिनंच त्याला हे शिकवलं होतं.

अहमदपूरकडच्या भामाबाईचं बाभळीचं पोतं मात्र सगळंच लाल निघालं. बाई तीस वर्षं रोपवाटिकेला बी देत आलेली. नापास झालं की बी पुरवणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव जाणार. तिनं वाद घातला नाही. "पोरी, एक तरी फोडून बघ," एवढंच म्हणाली. पण मशीनवर संशय म्हणजे स्वतःवरच संशय. सालेहानं सही ठोकली. किडकं बी ठेवायचं नाही असा नियम. बजरंग शिपायानं दुपारीच पोतं जाळलं.

तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहा गार झाला. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. धुराचा वास काही जाईना. शेवटी नमुन्याला ठेवलेल्या चाळीस बिया पुढ्यात घेतल्या आणि बजरंगचा अडकित्ता मागितला. पहिलं बी आत भरलेलं, निरोगी. दुसरंही तसंच. एखादं तरी किडकं निघू दे, म्हणत ती फोडत गेली. चाळीसच्या चाळीस चांगल्या निघाल्या. आणि आता पेरायला त्यातलं एकही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती भामाबाईच्या दारात. बाई शेळ्यांचा गोठा झाडत होती. सालेहानं सगळं सांगून टाकलं. बी चांगलं होतं, चूक माझी, असं साहेबांना लिहूनही दिलं होतं.

"तुझ्या मशीनला काय कळावं," भामाबाई म्हणाली. "शेळ्या शेंगा खात्यात, रवंथ करताना बी थुंकत्यात. किडकं दाताखाली फुटतंय, टणक तेवढं पडतंय. आमी तेच येचतो."

म्हणजे शेळीच्या पोटात जाऊन आलेली साल मशीननं कधी पाहिलीच नव्हती. आणि बी कुठून आणलं, हे सालेहानं विचारलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाव यादीत राहील, मावशी."

"नावाचं ऱ्हाऊ दे. पोतं भराया दीड महिना लागला व्हता." भामाबाईनं सूप पुढं सरकवलं. "बस. येचू लाग."

सालेहा ओढणी खोचून लेंड्यांत बसली.