अतिदुर्मिळ बदकांच्या गर्दीत

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी बदक आहे. जातीने नर, म्हणून ‘आलो-गेलो’ म्हणतो. एरवी लाकडाला काय नर आणि काय मादी.

अमेरिकेतल्या चेसापीकच्या खाडीत पाण्यावर तरंगत राहायचं आणि वरून उडणाऱ्या खऱ्या बदकांना ‘उतरा, इथे सगळं ठीक आहे’ असं भासवायचं, हा माझा धंदा. इथे सगळं ठीक कधीच नसे. शेजारच्या लव्हाळ्यात बंदूक घेऊन ऑर्विल बसलेला असे.

मला घडवलं त्यानेच, एका मोडक्या बोटीच्या डोलकाठीतून. उन्हाळ्यात खेकडे आणि हिवाळ्यात कालवं काढणारा माणूस तो. उरलेल्या वेळात बदकं कोरायचा. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की उठून दिसायचं नाही. थव्यात एक जरी वेगळा वाटला तरी वरची मंडळी वळून निघून जातात. हा नियम मी जन्मभर पाळला. धक्क्यावरच्या दुकानात लोक म्हणत, “ऑर्विल, तुझ्या बदकांना आता अंडी घालायला सांग.” एवढंच काय ते माझ्या वाट्याचं कौतुक.

मग ऑर्विल गेला. आम्ही सगळे गोणत्यात, गोणतं पडवीच्या कोपऱ्यात. उंदरांनी माझी शेपूट कुरतडून पाहिली आणि सोडून दिली. उंदरांनाही नको झालो म्हटल्यावर काय उरलं?

त्याची बायको नेटी घर विकून शहरात लेकीकडे निघाली. लेकीच्या घरात एका फुलदाणीलाही जागा नव्हती, तिथे थवा कुठला मावणार. ऑर्विलचा धाकटा भाऊ क्लेटन शेजारीच राहतो. तो गोणत्यात डोकावून म्हणाला, “जे खपणार नाही ते माझ्या शेगडीला दे, नेटी. लाकूड छान वाळलंय.”

“त्याच्या हातचं आहे ते,” नेटी म्हणाली.

“म्हणून तर म्हणतोय. ओलं लाकूड कधी वापरलं नाही त्याने.”

नेटीने तेव्हाच ठरवलं की घर सोडण्याआधी आम्हाला कोणाच्या तरी घरी पोचवायचं. तिने फोनवरचा लिलाव उघडला. ‘जुनं लाकडी बदक’ असं शोधलं मात्र, समोर बदकंच बदकं. प्रत्येक लेसच्या टेबलक्लॉथवर बसलेलं आणि प्रत्येकाखाली लिहिलेलं, ‘अतिदुर्मिळ’. एवढी दुर्मिळ बदकं एका ठिकाणी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

क्लेटन म्हणाला, “तूही तेच लिही.” तिने लिहिलं. मलाही टेबलक्लॉथवर बसवलं. लिलावाची मुदत संपली. एक बोली आली नाही. दुर्मिळांच्या गर्दीत मी आणखी एक दुर्मिळ.

“उठून दिसायला हवं,” क्लेटन म्हणाला. नेटी चर्चमधल्या जेवणावळीला गेली होती, तेवढ्यात त्याने बोटीचा उरलेला लाल रंग माझ्या डोक्याला फासला. माझ्या जातीचं डोकं विटकरी असतं. त्याने अग्निशमनाच्या बंबासारखं केलं. नेटी परत आली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्यासाठी ताटलीत आणलेला खेकड्याचा वडा त्याच्यासमोरून उचलून मांजरीला घातला.

घर सोडायची तारीख जवळ आली होती म्हणून तिने तसाच फोटो टाकला. कोणीतरी विचारलं, ‘रंग मूळचा आहे का?’

नेटीने उत्तर लिहिलं, ‘अंगाचा मूळचा. डोक्याचा परवाचा.’

“अगं, असं सांगतात का कुठे?” क्लेटन म्हणाला. “माहीत नाही म्हणायचं.”

“पण माहीत आहे ना.”

“तू विकायला बसली आहेस की पापं कबूल करायला?”

“पाप तुझं आहे. मी फक्त पत्ता दिला.”

विचारणारा अर्थातच फिरकला नाही. क्लेटन शेगडी झाडायला लागला.

नेटी बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसली. ऑर्विल नवं बदक कसं पारखायचा, ते तिला आठवलं असावं. तिने अंगणात कपडे धुण्याचं पत्र्याचं घंगाळ भरलं आणि मला पालथं, तोंडावर फेकलं. माझ्या पोटाखाली शिसं ठोकलेलं आहे. मी कण्हलो, गरकन वळलो आणि सुलटा झालो. या वयात हे बरं नव्हे, पण झालो. तिने फोटो काढला तो तसाच, अंगावरून पाणी निथळताना. खाली लिहिलं: ‘माझ्या नवऱ्याने केलेलं बदक. शेपूट उंदरांनी कुरतडली आहे. डोकं दिराने बिघडवलं आहे. पालथं टाकलं तरी सुलटं होतं.’

“आता कोण घेतंय,” क्लेटन म्हणाला.

“ज्याला बदक हवंय तो. रंग हवा असेल त्याला तुझा डबा देऊ.”

दुसऱ्या दिवशी प्रश्न आला: ‘वारा सुटला की चोच कुठे करतं?’ हा प्रश्न टेबलक्लॉथवाल्यांना सुचत नाही. नेटीने लिहिलं, ‘वाऱ्याकडे. पण जरा डावीकडे कलतं. नवराही तसाच चालायचा.’

मग बोल्या लागल्या. टेबलक्लॉथवरचे दुर्मिळ बघत राहिले आणि विस्कॉन्सिनच्या एका तळ्याकाठच्या अर्डिस नावाच्या बाईने मला घेतलं. लगेच तिचा निरोप आला: ‘याचे भाऊ आहेत का? सगळे पाठवा. एकट्या बदकाजवळ कोण उतरतं?’

नेटीने आम्हा प्रत्येकाला ऑर्विलच्या शर्टांच्या बाह्यांमध्ये गुंडाळलं. क्लेटनने दोऱ्या बांधल्या, मान खाली घालून. गाठी मात्र चांगल्या मारतो तो.

काचेच्या कपाटात पडून राहावं, अशी माझी इच्छा होती, मित्रांनो. ती काही पुरी झाली नाही. अर्डिसचं तळं खाडीपेक्षा थंड आहे, आणि मी पुन्हा कामावर आहे. जन्मभर फसवण्याचा धंदा केला. विकला गेलो तो कोणीतरी माझ्याबद्दल खरं सांगितलं म्हणून.

तुमच्याही घरात कोपऱ्यात कोणी जुनं पडलेलं असेल. त्याला रंग लावू नका आणि अतिदुर्मिळही म्हणू नका. त्याला काय येतं, ते आधी बघा आणि तेवढंच लोकांना सांगा. आणि पाण्यात टाकलंत, तर संध्याकाळी आठवणीने पुसून ठेवा. अर्डिस पुसते. डावीकडून सुरुवात करते.