विठोजीचं बारसं

भीमाचार्यांच्या नव्या कानाचं बारसं करायचं असं कमलाक्कांनी ठरवलं, तेव्हा घरात एकालाही त्यात वेडेपणा दिसला नाही. तीच तर या घराण्याची गंमत आहे. तीनशे वर्षांमागे कुठल्याशा सरदाराच्या पाठोपाठ ही मंडळी बंगळुरात आली. बोलण्यात अर्धं कानडी शिरलं, ताटात सारू आणि हुळी आली, पण बारशाला आत्यानेच कानात कुर्र करायचं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हे काही सुटलं नाही.

वसुमतीला मात्र ही बातमी मुळीच रुचली नाही.

वसुमती म्हणजे भीमाचार्यांची बायको, आणि जन्माची बडबडी. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणली तरी त्याची अर्धा तास गोष्ट करून सांगणारी. अकरा वर्षांमागे मेंदूज्वराने नवऱ्याचे दोन्ही कान गेले. त्यांचं स्वतःचं तसं काही अडलं नाही. शहराबाहेर पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. चारी बाजूंनी प्रेस धडधडत असायचे आणि हा एकटा माणूस देवळात बसल्यासारखा नट-बोल्ट मोजत बसायचा. हाल झाले ते हिचे. ओठ पाहून त्यांना समजेल तेवढंच बोलायचं: जेवायला चला, पाणी आलं, लाइट गेली. समोर ऐकणारा नसला की बोलण्याला चव कुठून राहणार? हळूहळू ती गप्पच झाली. शेजारणी म्हणायच्या, वसुमती किती शांत झाली हो! तिला वाटायचं, एकेकीला धरून बदडावं.

आणि सत्त्याण्णव साली बहिऱ्यांना ऐकवणारं हे यंत्र आलं. शहरात तोवर मोजक्याच लोकांना बसवलं होतं. डोक्याच्या आत एक तार, कानामागे माइक, त्याच्या बाजूला लोहचुंबकाने चिकटणारी एक चकती, आणि तिथून निघालेली वायर खाली कमरेच्या डब्यात. ऑपरेशन झालं, जखम भरली, आता फक्त डबा चालू करायचा होता. ते काम शाल्मलीचं. ही पुण्याची मुलगी. मोठेपणी बहिरे झालेल्यांना परत ऐकू येऊ लागतं तेव्हा आधी काय ओळखू येतं, यावर तिचा रिसर्च चालू होता.

"काकू, पहिल्यांदा सगळं फार विचित्र ऐकू येतं," तिने सांगितलं होतं. "मेंदूला सवय व्हायला महिने लागतात. पुष्कळ लोक पहिल्याच दिवशी घाबरतात, मशीन काढून कपाटात टाकतात आणि परत लावतच नाहीत. म्हणून सुरुवात एकाच ओळखीच्या आवाजाने करायची. तुम्हीच बोला."

त्या दिवशी घरी येऊन वसुमती आरशासमोर उभी राहिली आणि चक्क बोलण्याची तालीम करू लागली. पहिला आवाज आपला. एवढं एकच तिला हवं होतं, दुसरं काही नाही.

आणि मधेच हे बारसं!

"बायको कधीपासून कानात सांगायला लागली गं?" कमलाक्का कडाडल्या. ऐंशीच्या घरातली बाई, पण आवाज असा की रस्त्यावरची रिक्षा थांबावी. "नवा कान म्हणजे नवा जन्म. आणि भीमूची आत्या अजून जिवंत आहे म्हटलं!"

सासरच्या या आत्याबाईंपुढे वसुमतीने आयुष्यात उलट शब्द काढला नव्हता. "सरी, अक्का, तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

ठरल्या दिवशी सगळा गोतावळा नऊवारी, धोतरं, घुगऱ्यांचं पातेलं आणि ओवाळणीचं तबक घेऊन हॉस्पिटलच्या त्या चिमुकल्या, आवाज न शिरणाऱ्या खोलीच्या दारात हजर. शाल्मलीच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, ही टेस्टिंगची रूम आहे! पेशंट आणि एक नातेवाईक, बास."

"आम्ही सगळे मिळून एकच नातेवाईक आहोत," कमलाक्कांचे चिरंजीव भगवंतराव म्हणाले आणि पातेलं घेऊन आत शिरले.

शाल्मलीने कॉम्प्युटरवरून तारेतल्या एकेका टोकाला बारीक टूं टूं देऊन पाहिलं. ऐकू आलं की भीमाचार्यांनी बोट वर करायचं. बोट वर जाताना पाहून वसुमतीला वाटलं, गेला माझा पहिला आवाज! पण कमलाक्कांनीच निकाल दिला: ते धरायचं नाही. बारशाआधी कान टोचतात, तसलंच ते.

मग त्या भाच्याच्या कानाला तोंड लावायला वाकल्या.

"आजी, कानात बोलून काही उपयोग नाही," शाल्मली म्हणाली. "त्या कानाचं काम संपलं. आता सगळं काम हा डबा करतो."

"म्हणजे कान तो डबा?"

"तसं म्हटलं तर... हो."

"मग भीमूचं बारसं कशाला? ते मी एकदा केलंय. आज डब्याचं करायचं."

 लगेच भगवंतरावांनी पंचांग काढून डब्याचं नक्षत्र पाहिलं. निघालं हस्त, तिसरा चरण. अक्षर आलं 'ण'.  'ण'वरून आजवर कुणाच्या बापाने नाव ठेवलंय? शेवटी शेजारचा चौथा चरण घेऊ, 'ठ' चालेल, असं ठरलं. आणि 'ठ' सुरुवातीलाच हवा असं कुठं लिहिलंय, म्हणून डब्याचं नाव ठरलं विठोजी.

"पुण्यात आम्ही असं..." शाल्मलीने सुरुवात केली, पण तिच्या हातात तोवर तबक आलं होतं.

पाळण्याची अडचण होती. कोपऱ्यात लहान पेशंटांसाठी एक लाकडी डुलता घोडा होता, त्यालाच पाळणा मानलं. मग कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, करत विठोजीला घोड्याच्या वरून आणि खालून इकडून तिकडे देणं सुरू झालं. वायर हातभर. तिच्या एका टोकाला विठोजी, दुसऱ्या टोकाला भीमाचार्य. डबा वर गेला की आचार्य उठत, खालून गेला की आचार्य घोड्याच्या पोटाखालून रांगत. "वायर! वायर!" म्हणून शाल्मली ओरडत होती. भीमाचार्यांना मात्र वाटलं, प्रयोग म्हणतात तो हाच असणार. बिचारे निमूट रांगत राहिले.

शेवटी शाल्मलीने डबा चालू केला. कमलाक्कांनी त्याला तोंड लावून केलं, "कुर्रर्र... विठोजी!"

काही नाही. माइक वर कानामागे, या बोलताहेत कमरेशी. पण बायकांचे हात शिवशिवत होतेच. आत्याबाईंच्या पाठीत धप्पकन धपाटा बसला, आणि भीमाचार्य वीतभर उडाले.

"कोण पत्रा बडवतंय?"

अय्यो, काय जल्लोष झाला! सगळे एकदम तुटून पडले. "अण्णा, मी कोण, ओळखा!" "भीमू, इकडे बघ!" "भाऊजी, माझा आवाज ओळखा पाहू!" भीमाचार्य कावरेबावरे होऊन एकेकाकडे पाहत आणि सगळ्यांना एकच उत्तर देत, "पत्रा."

"एवढं डोकं फोडून घेतलं ते पत्रा ऐकायला?" भगवंतराव नाराज झाले. 'ण' डावलला, त्याचीच ही फळं, असं कमलाक्कांनी जाहीर केलं. मग हिरमुसली वरात पातेलं उचलून बाहेर गेली, कारण काही झालं तरी घुगऱ्या गरम खायला हव्यात.

खोलीत तिघंच उरली. भीमाचार्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि हात चकतीकडे नेला.

"मला नको हे," ते म्हणाले. "आधीचंच बरं होतं. निदान शांत होतं."

 चकती निघाली की पुढे काय होतं, ते शाल्मली चांगलं जाणून होती. वसुमतीलाही तिनेच सांगितलं होतं.

आणि वसुमतीचा बांध फुटला. आरशापुढे घोकलेलं गोड वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"खबरदार काढलंत तर! शांत म्हणे! तुम्हाला शांत, आणि मी? अकरा वर्षं जेवायला चला, पाणी आलं, जेवायला चला, पाणी आलं, पोपटसुद्धा जास्त बोलतो हो! माझी आई गेली तेव्हा ती शेवटी काय म्हणाली, ते तरी तुम्हाला सांगता आलं का मला? पाटीवर लिहायची का तिची मरणवेळ? रात्री तुम्ही झोपलात की तुमच्या पाठीशी बोलायचे मी, माहितीये? येड्यासारखी! आणि आज सगळ्या गावाने तुमच्या कानात बोंबलून घेतलं, घोड्याखालून काढलं तुम्हाला, आणि मी कोपऱ्यात उभी, कुणी म्हटलं का, वसुमती, तू बोल? तुम्ही म्हटलंत?"

दम लागला. ती थांबली. आणि आपण काय काय बोलून बसलो हे ध्यानात येऊन तोंडावर पदर धरून उभी राहिली.

भीमाचार्यांचा हात चकतीवर तसाच होता. तोंड भिंतीकडे, डोळे मिटलेले.

"थांबलीस का?" ते म्हणाले.

वसुमतीने शाल्मलीकडे पाहिलं. 

"तुम्हाला... कळलं मी काय म्हणाले?"

त्यांनी वळून तिच्या ओठांकडे पाहिलं. "परत म्हण." तिने सावकाश परत विचारलं.

"नाही बाई. एक अक्षर कळलं नाही. पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं वाजत होतं नुसतं."

"मग मी होते हे कशावरून?"

"श्वाससुद्धा न घेता इतका वेळ दुसरं कोण बोलतं?" भीमाचार्य म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी हात चकतीवरून खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि परत भिंतीकडे तोंड केलं. "बोल."

"कुठून सुरू करू?"

 तिने विचारलेलं त्यांना कळलंच नव्हतं. ते नुसते मान किंचित वाकवून, वाट पाहत बसले होते. वसुमतीने खुर्ची त्यांच्या पाठीशी ओढून घेतली, डोळे पुसले आणि आई गेली त्या सकाळपासून सांगायला लागली.